करवतीवरचा थेंबोबा

सकाळी धुकं एवढं दाट होतं, की वखारीच्या फाटकातून आत येणारा माणूस आधी खोकल्यावरून ओळखू यायचा आणि मग चेहऱ्यावरून. आवारात ओल्या ओंडक्यांचा ढीग पडला होता. आठवड्यापूर्वी ही झाडं उभी होती. कापलेल्या टोकांतून अजून चीक गळत होता. असलं ताजं लाकूड करवतीवर घेणं म्हणजे डोक्याला ताप. चीक पात्याला चिकटतो, चिकाला भुसा चिकटतो, दातांमधल्या खाचा बुजतात, पातं तापतं, आणि तापलेलं पातं सरळ चालायचं सोडून मन मानेल तिकडे भटकतं. फळी मग फळी राहत नाही, लाट होते.

हे होऊ नये म्हणून वखारीत एक अवतारी पुरुष नेमला होता. थेंबोबा. आईबापांनी दुसरं काहीतरी नाव ठेवलं असणार, पण बावीस वर्षांत ते कोणी विचारलं नव्हतं. रोज सकाळी सगळ्यांकडे पाठ करून तो पत्र्याच्या डब्यात एक पाणी कालवायचा आणि डबा करवतीच्या वर टांगायचा. डब्याच्या तोटीतून थेंब थेंब ते पाणी खालच्या दोन जाड कापडी तुकड्यांवर पडायचं, आणि ते तुकडे दोन चाकांवर पट्ट्यासारख्या धावत्या पात्याला दोन्ही बाजूंनी पुसत राहायचे. पाण्यात काय आहे हे गुपित होतं. साबणाचा फेस त्याच्या कोपरापर्यंत असे, रॉकेलचा वास फाटकापर्यंत जाई, तरी थेंबोबाच्या मते झाकली मूठ सव्वा लाखाचीच होती. बाकीची मंडळीही सज्जन. नाक नसल्यासारखी वागायची.

“थेंबोबा, आज अमृताला फेस जास्त आलाय वाटतं,” फळ्यांची थप्पी लावणारा गडी म्हणाला.

“तू फळ्या रच. विद्या ज्याची त्यालाच कळते.”

“वास मात्र सगळ्यांना कळतो.”

थेंबोबानं ऐकलं नाही. त्याला सोयीचं तेवढंच ऐकू यायचं.

अशा सुखी वखारीत मालकाचे जावईबापू कारभार बघायला आले. मालकाचा गुडघा दुखत होता, म्हणून सासऱ्याला मदत. थप्पीवाला म्हणालाच, “घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.” जावईबापू याआधी कुठल्याशा कचेरीत फिरत्या खुर्चीवर बसत. तिथं लाकडाशी संबंध आला तो टेबलापुरता. तरी पहिल्याच आठवड्यात त्यांना वखारीचा रोग सापडला.

“एकाच माणसाच्या डोक्यात कृती असणं धोक्याचं आहे. ती या भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर लिहून टाका.”

“लिहून काय होणार, जावईबापू?”

“मग करवतीवर कोणीही उभा राहील. तुमचंही वय झालं. फाटकावर खुर्ची टाकतो. सावली आहे, वारा आहे.”

थेंबोबाच्या आधीच्या करवत्यालाही अशीच सावलीतली खुर्ची मिळाली होती. ट्रकांना हात दाखवता दाखवता वर्षभरात तोही फाटकासारखाच करकरायला लागला होता. “नाही सांगणार,” थेंबोबा म्हणाला आणि ताठ उभा राहिला. एखाद्या राज्याचा खजिना राखत असल्यासारखा.

नेमकी तेव्हाच त्याची बायको घरी विसरलेला चष्मा घेऊन आली. जावईबापूंनी तिलाच विचारलं.

“त्यात काय सांगायचंय?” ती म्हणाली. “डबाभर पाणी, मूठभर साबणाचा चुरा, वर अर्धी वाटी रॉकेल. माझा साबण महिन्याला दोन वड्या कमी भरतो ना!”

“अगं!” थेंबोबा ओरडला.

“अगं काय? मला वाटलं अख्ख्या वखारीला माहीत आहे.”

अख्खी वखार धुक्याकडे बघू लागली.

तासाभरात कृती खडूनं फळ्यावर आली आणि थेंबोबा खुर्चीवर. करवतीवर खुद्द जावईबापू उभे राहिले. नव्या माणसाला शिकवायचं तर आधी आपल्याला यायला हवं, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं वाईट नव्हतं. पण थेंबाथेंबानं एवढं काम होतं तर धारेनं किती होईल, हा हिशेब त्यांना सुचला आणि त्यांनी तोटी पूर्ण सोडली. पी हळद अन् हो गोरी.

पहिली फळी आरशासारखी निघाली. जावईबापूंनी फाटकाकडे बघितलं. थेंबोबानं ट्रक नसतानाही रस्त्याकडे हात दाखवला.

तिसऱ्या फळीला आवाज बदलला. पात्याचा सूर मधेच ढिला पडून परत चढत होता. थेंबोबा काय ते समजला: पाणी पातं ओलांडून चाकांवर गेलं होतं, आणि साबण लागलेल्या चाकावर पातं टिकत नाही. गप्प बसलं तर दोन मिनिटांत पातं उतरणार, फळ्यावरची कृती पुसली जाणार, आणि जागा परत आपली. पण उतरलेलं पातं समोरच्या संरक्षक जाळीतच राहील याची हमी नाही, आणि जावईबापू त्याच्यासमोर छाती काढून उभे. खुर्ची उलटी पडली. तीस पावलं तो कसा धावला हे त्याच्या गुडघ्यांनाच ठाऊक.

“मागे व्हा!”

लाल बटण, मग पायाखालचा ब्रेक. पातं चाकावरून सटकलं, पण वेग ओसरला होता. जाळीवर आपटून ते मरगळल्या सापासारखं लोंबत राहिलं. जावईबापूंचा रंग फळ्यावरच्या खडूचा झाला होता.

आवाज ऐकून मालक काठी टेकत आले. “काय रे, झालं काय?”

“पाणी जास्त झालं. पातं पुसायचं असतं, न्हाऊ घालायचं नसतं.”

“मग आधी का नाही सांगितलंस?”

“कृती विचारली होती. किती, ते कोणी विचारलं नाही.”

जावईबापूंना कंठ फुटला. “किती थेंब टाकायचे मग?”

थेंबोबाची शेवटची झाकली मूठ होती ही, आणि ही बायकोलाही ठाऊक नव्हती. “ठरलेलं नसतं,” तो कुरकुरत म्हणाला. “ओंडका जेवढा ओला तेवढे. आवाज जड झाला की दोन वाढवा, चाकाची कड ओली दिसली की बंद. आणि काम संपलं की पातं गरम आहे तोवर पुसा. गार झाल्यावर चीक खरवडत बसाल.”

“परत सांगा.”

“ऐकून येत नाही हे. उभं राहावं लागतं.”

मालकानं जावयाकडे बघितलं, मग थेंबोबाकडे. “मग जावईबापू उद्यापासून तुझ्याशेजारी उभे राहतील. करवतीवर तू.”

म्हणजे जागा वाचली आणि गुपित गेलं. थेंबोबानं वाटाघाटीचा विचार केला, पण चाकं ओली होती आणि ढीग तसाच होता. त्यानं बाह्या वर केल्या, कोरड्या भुशाचं घमेलं जवळ ओढलं आणि चाकाच्या कडेवर मूठ मूठ भुसा टाकून साबण टिपायला बसला.