तोंडात टाचण्या

आमच्या वन्संच्या, म्हणजे माझ्या नणंदेच्या, तोंडात दिवसाचे आठ तास टाचण्या असतात. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. पँट आखूड करणं, चेन बदलणं, वाढत्या पोटासाठी कोट सैल करणं, ही त्यांची कामं. ओठांत पाच-सहा टाचण्या धरून त्या गिऱ्हाइकाच्या पायाशी बसतात आणि सगळं बोलणं नाकातून करतात. एक आखूड ‘म्हं’ म्हणजे जागचं हलायचं नाही. लांबवलेला ‘म्हंऽऽ’ म्हणजे वळा. दोनदा ‘म्हं म्हं’ म्हणजे इकडे या. बावीस वर्षांत निम्म्या गावाला हे पाठ झालं आहे. आमचे हे, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, घरात आवाज चढवू लागले की दुकानातून एक ‘म्हं’ येतो आणि हे मुकाट्याने खुर्चीत बसतात. मला इतक्या वर्षांच्या संसारात ते साधलेलं नाही.

अशा बाईने एक्कावन्नाव्या वर्षी कुत्री पाळली. पोस्टमनच्या घरी पिल्लं झाली होती, त्यातलं कुणीच नेईना ते उरलेलं पिल्लू वन्संनी आणलं. अंगावर तीन रंग, एक कान उभा, एक पडलेला. नाव ठेवलं चिंधी. वर्षभरात चिंधीने अकरा चेन, एक खडूचा डबा आणि बँकेच्या साहेबांच्या पँटचा एक पाय फस्त केला. साहेब दुसरा पाय घेऊन घरी गेले.

मग ते शिबिर आलं, तेही कोटाच्या खिशातून. कपडा हाती आला की वन्सं आधी खिसे तपासतात. दातांच्या डॉक्टरांच्या कोटात एक घडी घातलेला कागद निघाला. कुत्र्यांसाठी चपळाईचं शिबिर, पाच दिवस. कुत्र्याने आडव्या दांड्यांवरून उड्या मारायच्या, कापडी बोगद्यातून पळायचं, ओळीने रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी जायचं, आणि मालकाने शेजारून धावायचं. डॉक्टर म्हणाले, “ठेवा तुम्हीच. आमचा कुत्रा आता जेवायला तेवढा उठतो.”

वन्संनी तो कागद आरशाला लावला आणि तिथून आमच्या घराचं घरपण गेलं.

इस्त्रीच्या टेबलावरून उडी. पडद्याच्या दांड्यांवरून उडी. अस्तराचं उरलेलं कापड कड्यांवर शिवून सहा हात लांबीचा बोगदा झाला, तो स्वयंपाकघरातून दुकानात निघायचा. तपासायला आधी वन्सं स्वतः त्यातून रांगत गेल्या आणि पलीकडे पँटचं माप द्यायला आलेल्या गृहस्थांच्या पायांपाशी उगवल्या. “उभेच आहात तर हलू नका,” म्हणाल्या आणि तिथल्या तिथे टाचण्या लावल्या. चिंधीच्या मापांची वेगळी वही झाली. उंची, छाती, आणि ‘ऐन उडीतली लांबी’, जिच्यासाठी टेपचं एक टोक धरून मला अंगणभर पळावं लागलं. पन्नाशीतली बाई मी, गुडघ्याला पट्टा. पण खोटं का बोलू, धावता धावता आम्हा दोघींना इतकं हसू आलं की माप चुकलं आणि पुन्हा धावावं लागलं.

सराव दुकान सांभाळूनच चाले. गिऱ्हाईक उभं, वन्संच्या तोंडात टाचण्या, आणि मध्येच मान वळवून चिंधीला हुकूम. चिंधी गपकन बसायची. कधी गिऱ्हाईकही बसायचं आणि टोचलं म्हणून उठायचं.

कागदाच्या तळाशी एक अट होती. पहिल्या सकाळी परीक्षा. कुत्र्याने सांगताक्षणी बसायचं, मालक वीस पावलं लांब जाईपर्यंत हलायचं नाही, हाक मारली की सरळ यायचं. तीन वेळा संधी, नाही जमलं तर त्याच दिवशी घरी. वन्संनी बावीस वर्षांत पहिल्यांदा दारावर पाटी लावली, ‘पाच दिवस दुकान बंद’. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला शिबिराचं सांगून झालं होतं. धाकट्या भावंडांची शिक्षणं, आईचं आजारपण, सगळं त्या मशीनवर निभावलेल्या या बाईने कधी स्वतःसाठी काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. आणि आता मागितलं ते हे. त्या संध्याकाळच्या बसने खाली मान घालून परत आल्या असत्या, तर मला ते बघवलं नसतं.

म्हणून मी एक हलकटपणा केला. मी त्यांना पोचवून त्याच संध्याकाळी परतणार होते, तर गुपचूप परतीची दोन तिकिटं काढली. चिंधी, जी दुकानाबाहेर पडली की कुणाचं ऐकत नव्हती, ती परक्या मैदानावर काय ऐकणार? निदान स्टँडवर जागेसाठी रडारड नको. तिकिटं पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि तोंडाला कुलूप लावलं.

शिबिराचं मैदान मोठं होतं आणि दव पडलेलं होतं. वन्संनी नवे बूट घातले होते, केस घट्ट बांधले होते, आणि पहाटेपासून त्या अशा हसत होत्या जसं कुणी गुदगुल्या करतंय. शिबिराच्या बाई, गळ्यात शिट्टी आणि हातात यादी, कडक होत्या. हातात खाऊ नको, खेळणं नको, कुत्र्याला हात लावायचा नाही.

आमचा नंबर आला. वन्संनी खणखणीत आवाजात सांगितलं, “चिंधी, बस.”

चिंधीने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं परगावचं कुणी पत्ता विचारतंय. मग शेजारच्या रुबाबदार कुत्र्याचं शेपूट धरायला गेली.

“एक,” बाई म्हणाल्या.

“चिंधी, खाली बस. बस ना गं.” चिंधीने पाय वर करून दवात लोळण घेतली. रांगेतले लोक हसू दाबत होते. बाईंनी यादीवर खूण केली. “दोन.”

वन्संचं हसू आता रडण्याच्या काठावर आलं होतं. हीच कुत्री दुकानात दिवसातून पन्नास वेळा बसते, मग इथे काय घोडं अडलं? मी वन्संकडे नीट पाहिलं. नवे बूट, बांधलेले केस, आणि रिकामं तोंड. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वन्संनी चिंधीला एकही हुकूम तोंड उघडून दिलेलाच नव्हता.

“वन्सं,” मी बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीपलीकडून म्हणाले, “तुमच्या टाचण्या.”

त्यांचा हात ओठांकडे गेला आणि हसूच फुटलं. बाईंकडे वळून त्यांनी विचारलं, “तोंडात टाचण्या धरल्या तर चालेल का?”

“धावताना?” बाई म्हणाल्या. “शक्यच नाही.”

वन्संनी नुसतेच ओठ मिटून पाहिले. ‘म्ह’पर्यंत पोचल्या आणि फस्सकन हसल्या. पुन्हा मिटले, पुन्हा हसल्या. ओठांत धरायला काही असल्याशिवाय ते ओठ मिटेनात. आता मलाही हसू आवरेना, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं ते कशाचं ते मला सांगता येणार नाही.

तेव्हा वन्सं दोरीपाशी आल्या आणि हात पुढे केला. “वहिनी, ते दुसरं तिकीट दे.”

“कुठलं तिकीट?”

“पर्समधलं. परवा अस्तर उसवलं होतं ते मीच शिवलं ना? आधी कप्पा रिकामा केला.”

मी शरमेने पाणी पाणी झाले. त्या रागावून बोलल्या नाहीत, माप सांगतात तशा म्हणाल्या. मी तिकीट काढून दिलं. बाईंनी ते उलटसुलट पाहिलं, हुंगलं, खाऊ नाही याची खात्री केली आणि परत दिलं. वन्संनी त्याची चार पदरी घडी केली, ओठांत घट्ट धरली, आणि नाकातून एक आखूड हुकूम सोडला.

“म्हं.”

चिंधी बसली. अशी बसली की मातीत खिळा ठोकल्यासारखी. वन्सं पाठ फिरवून चालू लागल्या, एक, दोन, सात, तेरा. रुबाबदार कुत्रा येऊन तिला हुंगून गेला, ती हलली नाही. विसाव्या पावलाला वन्सं वळल्या.

“म्हं म्हं.”

चिंधी सुटली ती पोटाने गवत घासत, कान मागे टाकून, आणि शेवटच्या दोन हातांवरून झेप घेऊन थेट वन्संच्या छातीवर. दोघी आडव्या झाल्या. बाईंनी यादीवर काहीतरी लिहिलं आणि वन्संना हाताला धरून उठवलं. “पाच दिवस हे असंच करणार का तुम्ही?” त्यांनी विचारलं. वन्संना हसण्यामुळे बोलता येईना, त्यांनी नुसती मान डोलावली. बाई म्हणाल्या, “ठीक आहे. मैदानाला चार फेऱ्या मारा दोघी.”

मला धावत जाऊन मिठी मारायची होती, पण उठताना माझ्या लक्षात आलं की मी ओल्या गवतावर बसले आहे. केव्हा बसले, कुणी सांगितलं, काही आठवेना.

संध्याकाळी बसमध्ये कंडक्टरने शेजारच्या रिकाम्या जागेचं तिकीट मागितलं. मी म्हणाले, ते कुत्रीने खाल्लं.