अस्सल असल्याचा दाखला

शिळ्या पेट्रोलचा वास आला की लातूर नवा जिल्हा झाला ते दिवस आठवतात. उद्घाटनाला मंत्री येणार होते आणि त्यांच्या मिरवणुकीसाठी एका अडत्याची, गोदामात दहा वर्षं झाकून ठेवलेली आठ सिलिंडरची अमेरिकन मोटार निघणार होती. मी तंत्रशाळेत शिकवायचो, म्हणून ती अस्सल असल्याचा दाखला मी द्यायचा. मंत्र्यांच्या अस्सलपणाचा दाखला कुणी मागितला नव्हता. कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेला मालक दारात उभा होता. त्याच्या रागापुढे मोंढ्यातला सगळा धान्यबाजार गप्प व्हायचा. "हिंदुस्थानात अशी एकच हाय, मास्तर. लिव्हा." मी बॉनेटखाली वाकलो, त्याच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरनं बॅटरीचा उजेड धरला. इंजिनवरचा नंबर गाडीच्या पुस्तकातल्या नंबराशी जुळेना. मी पुन्हा वाचला, तसा बॅटरीचा उजेड थरथरायला लागला. "दुष्काळात इंजिन काढून गावच्या विहिरीवर लावलं, मास्तर," तो कुजबुजला. "मालक हैदराबादला व्हते. गाव पाणी पिलं, इंजिन जळालं. हे भंगारातलं हाय. सांगू नका, जित्ता गाडतील मला." "काय मास्तर, जुळला का?" दारातून मालकाचा आवाज आला. "जुळला," मी म्हणालो आणि सही केली. परवा मालकाच्या नातवाचा फोन आला: मोटार विकायची आहे, नंबर तपासायला मुंबईहून तज्ज्ञ येतोय, तुमचा दाखला आम्ही काचेत लावून ठेवलाय. आता मालक नाही, ड्रायव्हरही नाही. तरी मी फोनवर म्हणालो, "जुळेल नंबर."