तिसऱ्या खिडकीतलं मांजर

आमच्या मामाचं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं, की डोळ्यांना त्रास काय होतोय हे विचारण्याआधी तो विचारतो, तो जपानी सिनेमा पाहिलात का? नसेल पाहिला, तर मामाला त्या माणसाची खरोखरच काळजी वाटायला लागते. मग नंबरच्या कागदावर खाली, डॉक्टर औषध लिहितात तसं, तो सिनेमाचं नाव लिहितो आणि त्याखाली दोन रेघा ओढतो.

सिनेमा ॲनिमेशनचा आहे. ढगांच्या वर बांधलेल्या शहराचा नकली सूर्य बंद पडतो आणि तो दुरुस्त करायला एक मुलगी हत्यारांची पेटी घेऊन निघते, एवढीच गोष्ट. पण सूर्य पुन्हा पेटतो तेव्हा उजेड हजारो खिडक्यांवरून असा सरकत जातो, की मामाच्या म्हणण्याप्रमाणे त्यानंतर बाकीचे सिनेमे भांडी धुतलेल्या पाण्यासारखे लागतात. एका निवृत्त मास्तरांनी त्याला कार्टून म्हटलं. त्यांच्या चष्म्याची फ्रेम पुढे तीन आठवडे आलीच नाही.

कहर म्हणजे हाच प्रसंग मामाने तपासणीत घुसवला. अक्षरांचा तक्ता वाचून झाला, की समोरच्या टीव्हीवर तो ते शहर लावतो आणि विचारतो, डावीकडच्या तिसऱ्या खिडकीत काय आहे? "काळं मांजर" असं उत्तर आलं की नंबर पक्का. एका पोस्टमनने किटली म्हटलं होतं. मामाने त्याला चार भिंगं बदलून दाखवली, शेवटी बिचारा मांजर म्हणाला आणि सुटला.

मामाची थोरली बहीण म्हणजे माझी आई. ती दुकानाच्या आतल्या खोलीत बसून शिंपीकाकांच्या शर्टांना हाताने काजं करते. मधे नुसता पडदा. सिनेमा तिने कधी पाहिला नव्हता, पण मामाची ती कॅसेट अकरा वर्षं ऐकून तिचे कान किटले होते.

अलीकडे ती सकाळी माझ्याकडून दहा-दहा सुयांत दोरा ओवून घ्यायची. वेळ वाचतो म्हणे. एकदा सहा शर्ट परत आले, काजं वाकडी म्हणून. तेव्हा मी तिला ओढतच मामाच्या खुर्चीत बसवलं. तिने तक्ता खालच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. मग मामाने टीव्हीकडे पाठ करून रिमोट दाबला आणि भिंग पुसत विचारलं, काय दिसतंय? सूर्य पेटला, आई म्हणाली, उजेड सरकतोय, आणि तिसऱ्या खिडकीत काळं मांजर बसलंय. मामाची कॉलर ताठ झाली.

"मामा," मी म्हटलं, "टीव्ही लागलेलाच नाहीये."

रिमोटचे सेल संपले होते. मामा वळला, काळ्या काचेकडे बघत राहिला. मला आईचा इतका राग आला होता, की तिच्याकडे बघवेना.

"ताई, कधीपासून?"

"वर्ष झालं असेल," आई म्हणाली. "काजं हाताला कळतात रे. तुला सांगितलं असतं, तर शिंपीकाकांनी काम काढून घेतलं असतं. मग मी दिवसभर काय तुझा सिनेमा ऐकत बसू?"

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, चांगलाच पिकलेला. ऑपरेशनं एकापाठोपाठ एक झाली. दीड महिना मामाने एकाही गिऱ्हाइकाला सिनेमा सुचवला नाही. लोक मला बाजूला घेऊन विचारायचे, घरी सगळं ठीक आहे ना?

डॉक्टरांनी बघण्याची मोकळीक दिली, त्या दिवशी आई आपणहून खुर्चीत जाऊन बसली. "लाव तुझा सिनेमा," म्हणाली. मामाने नवे सेल घातले, दुकानाचं दार लावून घेतलं. आई पापणी न हलवता बघत होती. सूर्य पेटला तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला, आणि मामाने चष्मा काढून डोळे पुसले.

"थांबव," आई म्हणाली. ती उठली, टीव्हीला नाक लागेल इतकी जवळ गेली आणि वळून म्हणाली, "ही किटली आहे."

मामा हसला. नवी नजर आहे, जरा बसू दे, म्हणाला. मी पुढे होऊन पाहिलं. किटलीच होती. आम्ही जिला शेपटी म्हणत होतो ती तिची तोटी. मी लहानपणापासून मांजरच पाहत आले होते, कारण तो प्रसंग मी आधी ऐकला आणि मग पाहिला. मला पोस्टमन आठवला आणि हसू आवरेना.

आईला मात्र हसू आलं नाही. तिने मामाला दंडाला धरून खुर्चीत बसवलं, त्याचा चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि स्वतः तक्त्याशी जाऊन उभी राहिली.

"वाच."

मामाने वरून सुरुवात केली, एकही अक्षर चुकवलं नाही. तो चौथ्या ओळीशी आला तशी आईने पाचवी ओळ दोन्ही हातांनी झाकून टाकली. मामा तीही वाचून गेला.