सावद्याला वर्षभर उशिरा

जळगाव ते सावदा हा काही प्रवास नव्हे. भुसावळ, फैजपूर करत माणूस दोन तासांत पोचतो. मला एक वर्ष लागलं.

सुमन माझी कॉलेजातली मैत्रीण. मागच्या वर्षी तिची बावीस वर्षांची लेक वैशाली चार दिवसांच्या तापाने गेली. आमच्याकडे अशा वेळी 'दारावर' जातात, म्हणजे दुःखाच्या घरी जाऊन नुसतं बसायचं. ओळखीपाळखीचे सगळे जातात. मी मोबाइलवर हात जोडलेलं चित्र आणि 'देवाची इच्छा' एवढं पाठवलं आणि तोंड लपवलं. वर याच ब्लॉगवर तुम्हाला तीन देवळं फिरवून आणली!

शेवटी सावद्याला निघाले, तरी या वेळीही आधी मुक्ताईनगरच गाठलं. पिंप्राळ्यातल्या घरून रिक्षाने जळगाव स्टँड, पुढे एसटी, बायकांना अर्धं तिकीट. सकाळी गर्दी नसते, दर्शन निवांत होतं. मुक्ताईसमोर उभी राहिले, पण काही मागायची हिंमत झाली नाही. बाहेर भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी मिळाली. हिवाळ्यात गेलात तर चुकवू नका. मी मात्र अर्धी टाकून उठले.

पुढे गाडी बदलून सावदा. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, कडेला ट्रक भरणं चाललेलं. एरवी दहा फोटो काढले असते.

सुमनने दार उघडलं, पाणी दिलं आणि समोर बसून सरळ विचारलं, "काबरं आली नही व तू?"

"अगं, आमची मधुरा बाळंतपणाला आलेली..."

"ते ठाऊक आहे मले. खरं सांग."

खरं सांगितलं. पोटुशी लेक घरात असताना तरण्या मुलीच्या मरणाच्या घरी जायचं मला भय वाटलं. तुझं दुःख माझ्या उंबऱ्यात येईल असं वाटलं. बोलताना माझी मलाच किळस आली. मान वर होईना.

तिने माझा रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "मुक्ताईले मी रोज विचारते, माझीच पोर काबरं? ती काही सांगत नही. तू निदान उत्तर तरी दिलं." पदराने डोळे पुसले. "नात झाली ना? नाव काय ठेवलं?"

"ओवी." मी सांगितलं.

अशा घरातून निघताना 'येते' म्हणत नाहीत, म्हणून मी मुकाट्याने उठले. सुमन दारात म्हणाली, "वरिसभर न सांगताच राह्यली. आज येते म्हणून जाय. अन् ओवीले घेऊन ये."

मी 'येते' म्हणाले. पण ओवीचं नाव ऐकून क्षणभर अडखळले, आणि ते तिला दिसलं.

परतीच्या गाडीत तरीही जरा हलकं वाटत होतं. घरी मधुरा लेकीला घेऊन आलेली होती. तिला सगळं सांगितलं. म्हटलं, तुझ्या काळजीपोटीच गेले नाही गं.

ओवीला मांडीवर थोपटत ती म्हणाली, "आई, मी तेव्हाच म्हटलं होतं, सुमनमावशीकडे जाऊ. तूच म्हणालीस, तिला आत्ता कुणी नकोय."

हे मी विसरले नव्हते. सुमनला मात्र सांगितलं नाही. लेकीच्या पोटामागे लपून मी खरंही अर्धंच बोलले होते.

रविवारी मी, मधुरा आणि ओवी, आम्ही तिघी जातोय. उरलेलं सुमनसमोर बसून सांगायचं आहे, आणि या वेळी ती माफ करेलच असं नाही.