धरलंय का?

चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात. आज दुपारी एक टोक माझ्याकडे होतं, दुसरं भाऊजींकडे. घडी अर्ध्यावर आली आणि त्यांचा फोन वाजला. मास्तरीणबाईंचा होता. भाऊजींच्या हातातलं टोक सुटलं ते फरशीवर तसंच पडलंय. आधी हे लिहिते, मग उचलीन.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. लिफ्ट दुरुस्त करतात. लग्न केलं नाही, आमच्यातच राहतात. लिफ्ट चालू असली की त्यांना कुणी ओळखत नाही आणि बंद पडली की अख्खी इमारत त्यांच्या नावाने खडे फोडते. हे काम त्यांना मास्तरीणबाईंच्या नवऱ्याने, मास्तरांनी शिकवलं. मास्तर कुठल्या शाळेतले नव्हेत. येताजाता शिकवायची खोड, म्हणून ते नाव पडलं. त्यांचा पहिला धडा असा : लिफ्टच्या पोकळीत उतरताना वरचा माणूस उतरणाऱ्याच्या कमरेचा दोर धरतो. खालच्याने ओरडून विचारायचं, "धरलंय का?" वरून "धरलंय" आल्याशिवाय पोकळीतल्या आडव्या फळीवर पाय टाकायचा नाही.

भाऊजी तापाने घरी पडले होते, त्या दिवशी वर नवा माणूस होता. मास्तरांनी विचारलं, उत्तर आलं नाही आणि जन्मात एकदाच त्यांनी उत्तराशिवाय पाय टाकला. तेव्हापासून मास्तर अंथरुणात. कमरेखाली काही कळत नाही.

वेळ जावा म्हणून भाऊजींनीच त्यांना फोनवरचा तो लढाईचा खेळ शिकवला. चौघांची एक टोळी, फोनवरूनच एकमेकांशी बोलत खेळायचं, समोर दुसरी टोळी. संध्याकाळी मास्तर पलंगावरून खेळायचे, भाऊजी आमच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून. मास्तर लढायचे कुठे! ते सगळ्यांत उंच इमारतीवर चढायचे.

"धरलंय का रे?"

"धरलंय, मास्तर!"

"मग ही आली बघ लिफ्ट तळमजल्याला!" की घेतलीच उडी. मरायचे, खो खो हसायचे, पुढच्या डावात पुन्हा जिवंत. मी जपमाळ घेऊन बसलेली असायचे. हसू आवरताना जप चुकायचा. देवाने त्याचा राग धरला नसावा.

"हरताय का भाऊजी?"

"सपाटून, वहिनी!"

पुढे भाऊजींचा हात बसला. टोळीतले दुसरे दोघे अनोळखी, नुसते आवाज. ते भाऊजींना उस्ताद म्हणू लागले. ज्याच्या कानावर दिवसभर "अहो, अजून किती वेळ?" एवढंच पडतं, त्याला ते गोड लागलं. वरच्या पायरीवर जायला एक सामना जिंकायचा राहिला होता. ते दोघे म्हणाले, म्हाताऱ्याला काढा. भाऊजींनी काढलं नाही, पण मास्तरांना बजावलं, "आज उड्या नाहीत. आज जिंकायचंय."

"जिंकून काय करणार रे?"

"एकदा बघायचंय, मास्तर."

"बरं बाबा. तू म्हणशील तसं."

त्या खेळात शत्रूची पावलं ऐकू यावी लागतात म्हणे. मास्तरांची बडबड नको म्हणून भाऊजींनी आपल्या फोनवर त्यांचा आवाज बंद केला. खेळात मास्तर एका छपरावर होते. पलीकडच्या छपरावर जायला मधे फळी होती. ते हलेचनात. "या ना पुढे! झोपलात का?" भाऊजी स्टुलावरून उठून ओरडत होते. मास्तर उभेच. सामना गेला आणि भाऊजींच्या तोंडून निघालं, "पांगळ्याला घेऊन जिंकायचं तरी कसं!"

आवाज मास्तरांचा बंद होता, भाऊजींचा नव्हता. तिकडे शब्द न् शब्द ऐकू गेला.

दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाई जिन्यात भेटल्या. "घसा बसेपर्यंत विचारत होते हो, धरलंय का, धरलंय का. हा नुसता ओरडत होता, 'धरलंय' काही म्हणेना. त्याच्या शब्दाशिवाय फळीवर कसा पाय टाकतील ते?"

तेव्हापासून मास्तरांचं तोंड भिंतीकडे. दोन घासांवर तिसरा घेत नाहीत. कूस बदलू देत नाहीत, त्यामुळे पाठ चिघळलीय. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर फार दिवस काढणार नाहीत. भाऊजी रोज जातात, दारातून म्हणतात, "मास्तर, नुसत्या उड्या मारू, चला." मी देवाकडे एवढंच मागते, मास्तरांनी एक सणसणीत शिवी तरी द्यावी. अजून दिली नाही.

आजचा फोन मास्तरांच्या पाठीसाठी आणलेल्या हवेच्या गादीसाठी होता. तिचा पंप बंद पडलाय.

"मास्तरांनी बोलावलं?" मी आशेने विचारलं.

"नाही वहिनी. ते म्हणाले, कुणालाही बोलवा, त्याला नको. बाईंनी बाहेर येऊन चोरून फोन केला."

"मग?"

"आत नाही जाणार. पंप दारातूनच घेईन."

त्यांनी पाना-पक्कडीची पिशवी खांद्याला लावली आणि ते पंप दुरुस्त करायला मास्तरांच्या घरी गेले.