नंबर खरा, नाणं खरं, पण कुणाचं?

आमच्या घरात नाणी टिकत नाहीत. आज आलेलं नाणं विकून नाहीतर बदलून दोन-चार महिन्यांत दुसऱ्या कुणाच्या तरी कपाटात जाऊन बसतं. मागं राहतात ते किस्से. ते कुणी विकत घेत नाही, म्हणून साचून राहिलेत. रविवारी चहाला मंडळी जमली की एकजण सुरू करतो आणि मग कुणी उठायचं नाव घेत नाही. मी सातवी शिकलेली, मला लिहायची सवय नाही. पण सगळे म्हणाले, वहिनी, तुमीच लिहा, कारण प्रत्येक किश्श्यात तुमीच आडव्या येता.

मंडळी म्हणजे तिघंच. एक आमचे हे. लातुरात क्लासेसच्या भागात ह्यांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे सगळी डॉक्टर व्हायला आलेली पोरं. दुसरे बिराजदार सर, त्याच पोरांना फिजिक्स शिकवतात. तिसरे रफीकचाचा, मूळचे उदगीरचे, घड्याळं दुरुस्त करतात. तिघांनाही जुन्या नाण्यांचं वेड, त्यातही निजामाच्या वेळच्या हाली रुपयांचं.

पूर्वी हे तिघं जत्रेत, भंगारवाल्याकडं शोधायचे. आता मोबाईलवर शोधतात. तिथं चांगलं नाणं प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत मिळतं. एखाद्या कंपनीनं ते तपासलेलं असतं, दर्जा ठरवून डबीवर नंबर टाकलेला असतो. तो नंबर कंपनीच्या साईटवर टाकला आणि निघाला, की झालं, काळजी मिटली, असं तिघांचंही मत होतं.

माझी काळजी कशानंच मिटत नाही. लेकराला शिंक आली तरी मी कपाळाला हात लावून बघते.

*

ह्यांनी असंच एक डबीतलं नाणं घेतलं. नंबर निघाला. हे दोन दिवस शीळ घालत फिरले. दोन महिन्यांनी दुकानात पोलीस आले. नाणं दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुणाच्या तरी घरफोडीतलं होतं.

ह्यांच्यावर आळ नव्हता, पण नाणं गेलं आणि हे सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठाण्याच्या बाकड्यावर बसून. मी धाकटीला कडेवर घेऊन गेले, तर हे हवालदाराला कंपनीचं सर्टिफिकेट दाखवत होते. त्यानं ते शांतपणे वाचलं, उलटून पाहिलं आणि म्हणाला, "नाणं खरं हाय असं लिहिलंय ह्याच्यावर. तुमी खरे हाव, असं कुठं लिहिलंय?"

दुसऱ्या दिवशी गाळ्याच्या मालकाचा निरोप आला. पुन्हा एकदा दुकानात पोलीस दिसला तर गाळा रिकामा करायचा. त्या गाळ्यावर आमची चूल आहे आणि दोन लेकरांची शाळा आहे. त्या दिवसापासून घरात नियम झाला: मी बघितल्याशिवाय एकही नाणं उंबरा ओलांडणार नाही. हे हसले. म्हणाले, तुला इंग्रजी कुठं येतंय? मी म्हटलं, आकडे तर येतात.

*

मी बघायला लागल्यावरचं पहिलंच नाणं. ह्यांनी नंबर टाकला, निघाला, उड्या मारायला लागले. मी म्हटलं, साईटवर फोटो पण असतो ना, तो दाखवा.

फोटो आला. साल तेच, रुपया तोच, चारमिनार तोच. पण फोटोतल्या रुपयावर मिनाराच्या डाव्या अंगाला तांदळाएवढा काळा डाग होता आणि विकणाऱ्याच्या रुपयावर डाग नव्हता. हे म्हणाले, पुसला असंल. मी म्हटलं, सीलबंद डबीत हात घालून कुणी पुसला?

तेव्हा कळलं की लबाड लोक खऱ्या नाण्याचा नंबर उचलतात आणि तसलीच डबी बनवून आत खोटं नाणं ठेवतात. तरी हे म्हणतच होते, "पण नंबर खरा हाय!"

"आपल्या गाडीचा नंबर बी खरा हाय," मी म्हटलं. "तो चोरानं त्याच्या गाडीला लावला, तर ती गाडी आपली होती का?"

बिराजदार सरांनी हे वाक्य वर्गात सांगितलं म्हणे. फिजिक्सचा काय संबंध, देव जाणे.

*

सरांचं मात्र उलटं. ते कशावरच विश्वास ठेवत नाहीत. त्यांनी एक नाणं घेतलं. नंबर निघाला, फोटो जुळला, डागसुद्धा जुळला. तरी सरांना झोप येईना. वजन केल्याशिवाय सिद्ध कसं होणार? आणि डबीसकट वजन केलं तर डबीचं वजन वजा कसं करणार?

शेवटी सरांनी हॅक्सॉ ब्लेडनं डबी कापली. नाणं बाहेर काढलं, क्लासच्या लॅबमधल्या काट्यावर ठेवलं. वजन बरोब्बर निघालं. सर पळत आमच्याकडं आले, एका हातात नाणं, दुसऱ्या हातात डबीचे दोन तुकडे. म्हणाले, शंभर टक्के खरं हाय!

आता उघडलेल्या डबीचं सर्टिफिकेट कोण मानतो? तेच नाणं एका मिनिटात साधं मोकळं नाणं झालं.

चाचांनी ते तुकडे बराच वेळ जुळवून पाहिले. मग म्हणाले, "सर, पेशंट जित्ता हाय का बघायला तुमी त्याचं पोट फाडलं."

*

पुढची पंचाईत अशी, की नाणं खरंच विकणाऱ्याच्या हातात आहे, हे कसं ओळखायचं? बरेच जण दुसऱ्याचाच फोटो टाकतात. नाणीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे लोक सांगायचे, आजच्या तारखेची चिठ्ठी शेजारी ठेवून फोटो मागा. पण फोटोतली तारीख कशी बदलतात, ते ह्यांनीच मला दुकानात करून दाखवलं होतं.

म्हणून मी माझी पद्धत काढली. मी म्हणते, डबीशेजारी दोन हिरव्या मिरच्या ठेवा, एक लसणाची पाकळी ठेवा आणि मिरचीचं देठ नाण्याकडं करा. असला फोटो कुणाकडं आधीपासून काढून ठेवलेला असणार?

पहिल्याच विकणाऱ्यानं विचारलं, मॅडम, नाणं पाहिजे का ठेचा? आणि ब्लॉक केलं. दुसऱ्यानं सांगितलं, घरात मिरची न्हाई. मराठवाड्यातल्या घरात मिरची नाही म्हणणाऱ्या माणसाकडून मी नाणं घेते व्हय!

तिसरे एक रेणापूरचे गुरुजी होते. त्यांचा फोटो पाच मिनिटांत आला. मिरच्या दोन, पाकळी एक, देठ नाण्याकडं. खाली लिहिलं होतं, "सौ. विचारतात, मीठ पण ठेवू का?"

त्यांच्याकडून आम्ही आतापर्यंत चार नाणी घेतलीत.

*

भूकंपाचा किस्सा सासूबाईंचा. त्यांचं गाव औशाकडचं, भूकंपात गेलं. त्याविषयी त्या कधी बोलत नाहीत आणि आम्ही विचारत नाही.

ऑनलाईनवाल्यांना मात्र भूकंप म्हणजे जाहिरात झाली आहे. भूकंपाच्या ढिगाऱ्यात सापडलेलं नाणं, असं लिहिलं की घेणारा हळहळतो आणि नाणं आलं कुठून, हे विचारत नाही. असाच एकजण फोनवर ह्यांना रंगवून सांगत होता. फोन स्पीकरवर होता. सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या.

त्यांनी तिथूनच विचारलं, कोणतं गाव, बाबा? त्यानं नाव सांगितलं. कुणाचं घर? म्हणाला, पाटलांचं, मावशी, सगळा वाडा खाली आला, आमच्या मामांनी उपसून काढलं.

सासूबाईंनी शेंगा बाजूला ठेवल्या. म्हणाल्या, "त्या गावाला निस्ती भेग बी पडली न्हाई, बाळा. आमाला पत्र्याच्या शेडमधी घर मिळंपतोर पाटलांच्याच वाड्यात ऱ्हायलो आमी."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. सासूबाईंनी पुन्हा शेंगा घेतल्या.

*

आता शेवटचा. हाली रुपयातलं एक साल ह्यांना सात वर्षं सापडत नव्हतं. एका सकाळी ते मोबाईलवर दिसलं, डबीतलं, विकणारा नांदेडचा. नंबर निघाला. फोटो जुळला. कडेला एक बारीक अर्धगोल ठोका होता, तोसुद्धा फोटोत होता. त्या ठोक्यामुळंच कंपनीनं दर्जा उतरवला होता.

तरी मी म्हटलं, नाणं खरं आहे, पण कुणाचं आहे? मला कागद पाहिजेत आणि नाणं डोळ्यांनी बघायचंय. तो गृहस्थ भला होता. रविवारी एसटीनं लातूरला आला. पिशवीतून एकावर एक पावत्या काढल्या. त्यानं कुणाकडून घेतलं, त्याच्याआधी कुणी घेतलं, सगळं लिहिलेलं. सगळ्यात जुनी पावती उदगीर स्टेशनाजवळच्या एका हॉटेलवाल्याच्या मुलाची होती. वडिलांच्या गल्ल्यात सापडलं म्हणून त्यानं विकलेलं.

मी विचारलं, गल्ल्यात कुठून आलं? ते काही त्या गृहस्थाला माहीत नव्हतं. हे माझ्याकडं अशा नजरेनं बघत होते की मला वाटलं, घेऊन टाकावं. पण डोळ्यापुढं ठाण्यातलं ते बाकडं आलं.

मी सगळ्यांना चहा दिला. चाचांनी भिंग लावलं. एरवी त्यांना अर्धं मिनिट पुरतं. त्या दिवशी भिंग उतरेचना.

"ठोका न्हाई हा," चाचा म्हणाले. "खूण हाय. आमचे अब्बा अडतीवर रुपये पारखायचे. घरच्या संदुकीतल्या रुपयावरच ही खूण मारायचे. हे आमच्या संदुकीतून चोरीला गेलेलं हाय. अब्बांनी मरेपतोर चोर शोधला."

सर म्हणाले, तक्रार द्यायला पाहिजे. ह्यांनी डबी त्या गृहस्थाकडं सरकवली. सात वर्षं शोधलेलं नाणं, पण सरकवली.

मी विचारलं, "चाचा, मग आता ह्याचा मालक कोण?"

"मीच. अब्बांना दुसरं कोण होतं?"

"मग घ्यावं का न्हाई, ते तुमीच सांगा. पण चोर कोण ते कळल्याबिगर मी हे घरात घेणार न्हाई."

चाचांनी भिंग खिशात ठेवलं. त्या गृहस्थाला विचारलं, ते स्टेशनाजवळचं हॉटेल अजून चालू आहे का. तो म्हणाला, कधीच बंद पडलं.

"जिलबी लई चांगली असायची त्याच्याकडं," चाचा म्हणाले. त्यांनी चहा बशीत ओतला. "घे बेटी नाणं. मालकाची हरकत न्हाई."

एक घोट घेतला.

"चोराची बी न्हाई."