पारूमावशीकडं ठेवलेल्या टाक्या

दिवाळी उरकली की आमच्या वस्तीवर ट्रॅक्टर येतात आणि निम्म्या घरांना कुलपं लागतात. धारूरच्या घाटाखाली आमची वस्ती. माणसं ऊसतोडीला जातात. कुणी कड्याच्या साखर कारखान्याकडं, कुणी त्याच्याही पुढं. परततात ती ऊन तापल्यावर. भांडी, अंथरुणं, कोंबड्या, तान्ही लेकरं, सगळं सोबत न्यायचं. मागं राहते ती गॅसची टाकी. उसाच्या फडावरच्या पाचटाच्या कोपीत ती ठेवायची कुठं? आणि बंद घरात ठेवली तर चोराची दिवाळी. म्हणून आमच्याकडं एक रीतच पडून गेली होती, टाकी पारूमावशीकडं ठेवून जायची.

पारूमावशीचं आणि माझं घर एकाच भिंतीचं. पलीकडं तिची मागची खोली, अलीकडं माझा ओटा. म्हणजे मी फोडणी घालायची आणि भिंतीपल्याड दहा-बारा टाक्या दाटीवाटीनं बसलेल्या. मी अंगणवाडी सेविका, दिवसभर दुसऱ्यांची लेकरं सांभाळून घरी यायचं आणि इथं हे. भांडू नको तर काय करू?

"तुज्या डोक्यावर ठिवल्यात का?" मावशी म्हणायची.

"नाही, पण उडाल्या तर माझ्याच डोक्यावर येतील."

"येत न्हाईत. जा, भाजी करपंल तुजी."

बाई हट्टी, पण तिचा जीव त्या टाक्यांत का अडकला होता ते मला माहीत होतं. उभा जन्म तिनं कोयता चालवला. नवरा गेला तरी चालवला. मग गुडघे गेले आणि एका वर्षी मुकादमानं तिला ट्रॅक्टरमधून उतरवलं. रिकाम्या वस्तीत ती दारात बसून असायची, जेवायचीसुद्धा नाही धड. दुसऱ्या वर्षी शहादेवची बायको वनिता निघताना टाकी घेऊन आली आणि म्हणाली, "मावशी, ही तेवढी संभाळा." झालं. एकीचं बघून दुसरी आली. जी ती आपल्या लुगड्याची चिंधी टाकीच्या कड्याला बांधून जाई, म्हणजे अदलाबदल नको. किल्ल्याही मावशीकडंच. सकाळी काठी टेकत ती घरोघर फिरायची, कुलपं ओढून बघायची, मीटरजवळचं मेन स्विच खाली पाडलेलं आहे ना ते बघायची. फडावरून फोन आला की प्रत्येकीला तिच्या घराची हकीकत सांगायची. टाकी घेऊन येणारी बाई तिला वर्षातून एकदा म्हणायची, तुमच्या भरवशावर चाललोय. त्यावर मावशी बाकीचं वर्ष काढायची.

चाँदभाई धारूरहून टेम्पोत टाक्या घेऊन येतो. तोंडाचा फटकळ, पण माणूस सोन्यासारखा. त्यानं एकदा ती खोली बघितली आणि कपाळाला हात लावला.

"मावशी, ह्ये काय गोदाम हाय का? घरात येवढ्या टाक्या ठिवायला परवानगी न्हाई. लोकांना सांगा, लई दिवस जायचं आसंल तर टाकी एजन्सीत जमा करा, पावती घ्या, आल्यावर टाकी घ्या."

"पावती कशाला? मी हाय की."

"तुमी हायच. पर ह्यांच्या तोंडावरची टोपणं कुटं गेली?"

टोपणं पोरांनी केव्हाच खेळायला नेली होती. चाँदभाई बडबडत गेला. मी म्हटलं, बरं झालं, माझं ऐकत नाही तर त्याचं तरी ऐकेल. कसलं काय.

त्या हिवाळ्यात मावशीचं एकदोनदा दूध करपलं. ती चुलीशेजारीच बसलेली आणि तव्यावर भाकरी काळी. मी चिडवलं, "मावशी, कुठल्या नवऱ्याची आठवण आली?" ती हसली. करोनात ती आजारी पडली होती, तेव्हापासून जरा विसराळू झालीय असं मी धरून चालले.

एका संध्याकाळी लाईट गेलेली होती. मी अंगणात पाय टाकला आणि गॅसचा वास आला. पळत जाऊन माझी टाकी बघितली, बंद होती. वास भिंतीपलीकडून येत होता. मी चप्पल न घालता धावले.

मागच्या खोलीचं दार थंडीमुळं लोटलेलं. त्याच खोलीत बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, तिथं ती रोज मेणबत्ती लावायची. दार ढकललं तर वासानं माझं डोकं भणाणलं. आणि मावशी फोटोसमोर उभी, एका हातात काडेपेटी, दुसऱ्या हातात काडी.

"मावशी, काडी ओढू नका."

"कावून गं?"

"वास येत नाही का तुम्हाला?"

तिनं काडी खाली घेतली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "न्हाई. करोनापासून कशाचाच येत न्हाई."

मी काडेपेटी हिसकावली. लाईटच्या बटणाला हात लावायचा नाही हे चाँदभाईनं घोकून घेतलं होतं, तेवढं आठवलं. दारं-खिडक्या उघडल्या, मावशीला ओढत बाहेर आणलं, लांब उभं राहून चाँदभाईला फोन लावला. तो म्हणाला, जरा वारा खेळू द्या, मग कान लावून बघा कुठली फुसफुसतीय, टोपण बसवा अन् उघड्यावर न्या. कान मावशीचेच तिखट. फुसफुसणारी टाकी हिरव्या चिंधीची निघाली, वनिताची. मावशीनं स्वतःच्या टाकीचं टोपण आणून बसवलं, आवाज थांबला. दोघींनी ती घरामागच्या मोकळ्या पांदीत नेऊन ठेवली आणि मग मी तिथंच बसले. मला तिचा राग आला होता आणि तिला मिठी मारून रडावंसंही वाटत होतं. मी दोन्ही केलं.

चाँदभाई मोटरसायकलवर आला, आम्हा दोघींना यथेच्छ बोलला, टाक्या पडवीत उघड्यावर काढल्या. म्हणाला, ज्यांच्या टाक्या त्यांना फोन करून विचारा, उद्या सगळ्या एजन्सीत जमा करतो.

फोन लावण्याआधी मी मावशीला शिकवलं, "चाँदभाईनं नियमानं नेल्या म्हणा. खोटं नाही ते. नाकाचं कशाला काढता?"

"त्यांनी टाक्या नियमाच्या भरवशावर ठिवल्या व्हत्या का?" मावशी म्हणाली. "माज्या भरवशावर ठिवल्या."

आणि एकेकीला फोन करून तिनं सांगितलं. मला वास येत नाही, मी सांगितलं नव्हतं, तुमच्या टाक्या न्यायला लावते. वनिताचा फोन सगळ्यांच्या शेवटी, दुसऱ्या दिवशी सकाळी लागला. पलीकडं कोयत्यांचा आवाज. वनिता नुसतं "बरं" म्हणाली आणि फोन बंद. मावशीनं रिकामी खोली झाडून घेतली. जेवायला बोलावलं तर आली नाही.

उन्हाळ्यात माणसं आली. किल्ल्या घेतल्या, एजन्सीतून टाक्या आणल्या. कुणी तिला वाकडं बोललं नाही, पण कुणी बसलंही नाही.

पुढची दिवाळी सरली. टाक्या यावेळी थेट चाँदभाईच्या टेम्पोत चढल्या. ट्रॅक्टर येऊन उभे राहिले. मावशी दारातसुद्धा आली नाही, मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्यापाशी बसले.

तेवढ्यात वनिता आत आली. तिच्या एका हातात पत्र्याची पेटी, मागं दप्तर घेतलेली तिची स्वप्ना. नववीतली पोर. दरवर्षी अर्धी शाळा इथं आणि अर्धं वर्ष फडावर मोळ्या वाहण्यात जायचं. वनितानं पेटी खाली ठेवली, टाक्यांच्या जागी, आणि पोरीला पुढं केलं.

"मावशी, ही तेवढी संभाळा."

मावशी भिंतीला धरून उठली. मग म्हणाली, "अगं, मला वास येत न्हाई."

"ठाव हाय की. तुमीच खरं ते सांगितलं न्हाई का? म्हणून तर आणली." वनितानं पदरानं डोळे पुसले आणि वळली, ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता.

मी म्हटलं, "हिला चिंधी बांध गं, अदलाबदल व्हायची." तेव्हा कुठं तिघी हसल्या.

आता दिवस कलला की मी फोडणीचं तेल हातात धरून थांबते. भिंतीपलीकडून मावशीची हाक येते, "स्वप्ने, ये, वास घे." पोर अभ्यास टाकून उठते. दोनदा श्वास ओढल्याचा आवाज.

"न्हाई येत, आजी. ओढा काडी."

मग मी गॅस पेटवते.